मालकानं बाहेर बसावं

डॉक्टरांकडे सायकल होती, पण तिच्यावर बसलेलं त्यांना कोणी पाहिलं नव्हतं. हँडलला औषधांची पिशवी, मागे कॅरिअरला पट्ट्याने आवळलेली सुयांची पेटी, आणि हे आपले सायकल हाताने ढकलत कोस-दोन कोस चालणार. बपेऱ्याच्या बाजूचं बोलावणं असो की नाकाडोंगरीचा बाजार, चालतच. मी एकदा कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "सायकलीवरून शेन दिसत नाही, मास्तर." रस्त्यावरचं शेण पाहून कोणाच्या गोठ्यात काय दुखणं आहे ते त्यांना कळायचं आणि मालकाने बोलवायच्या आधीच ते त्याच्या दारात जाऊन उभे राहायचे. मालकांना हे मुळीच आवडायचं नाही.

खरं म्हणजे ते डॉक्टर नव्हतेच. सरकारी कागदावर ते पशुधन पर्यवेक्षक होते. सुई टोचायची, जखम धुवायची, मलमपट्टी करायची आणि तुमसरहून खरा डॉक्टर येईपर्यंत जनावर जिवंत ठेवायचं. खरा डॉक्टर क्वचितच यायचा. त्यामुळे गाव यांनाच डॉक्टर म्हणायचं आणि पाठीमागे ढोरडॉक्टर. मी त्याच गावच्या हायस्कुलात गणित शिकवायचो. सत्तरीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. दोघेही परगावचे, दोघांनाही पेपर वाचायची सवय, म्हणून ओळख झाली. मैत्री म्हणणार नाही. त्यांच्याशी गप्पा मारायच्या म्हणजे भिंतीला डोकं लावून बसण्यासारखं होतं.

दवाखाना म्हणजे दोन कौलारू खोल्या, पुढे पडवी, आणि अंगणात खोडा. सुई टोचताना गुरं हलू नयेत म्हणून त्यांना ज्या लाकडी चौकटीत उभं करतात तो खोडा. जनावर आलं की पहिला हुकूम ठरलेला असायचा, "मालकानं बाहेर बसावं." मग तो मालक पाटील असो की सरपंच. मालक बाहेर गेला की हे जनावराच्या शेजारी नुसते उभे राहायचे. हात लावायचे नाहीत, डोळ्यांत बघायचे नाहीत. दोघंही एकाच दिशेला तोंड करून उभे. अर्धा-अर्धा तास. बाहेर मालक चुळबुळत असायचा, कारण त्याला खूप काही सांगायचं असायचं. "ढोर सांगत नाही," डॉक्टर म्हणायचे, "अन् मालक सांगते ते खरं राहत नाही. त्याले वाटते आपली काही चूक नाही. मंग मी कोनाचं आयकू?"

माणसांशीही त्यांची रीत तीच. पडवीत एकच बाक होता आणि त्यावर सगळ्यांनी एका बाजूला तोंड करून बसायचं. समोर कोणी बसलेलं त्यांना खपत नसे. "समोर बसलं का ढोर शिंग दाखवते. मानसाचं बी तसंच." त्यांच्या खाकी कोटाच्या खिशात खड्याचं मीठ असायचं. ते जनावरांना चाटवायचे आणि लहान-मोठी पोरं आली की त्यांच्याही तळहातावर एकेक खडा ठेवायचे. मी म्हणालो, पोरांना गूळ द्यावा, मीठ काय देता? तर म्हणाले, "गोड देल्लं का पोट्ट्याले समजते, आता हा मानूस काहीतरी विचारीन."

त्यांच्या पूर्वायुष्याबद्दल गावात दोन-तीन कथा चालू होत्या. कोणी म्हणे बायको सोडून गेली, कोणी म्हणे तरणा पोरगा गेला म्हणून माणूस असा झाला. मलाही असं काहीतरी असावंसं वाटायचं, कारण आपण विक्षिप्त माणसाला कारणाशिवाय सोडत नाही. शेवटी एकदा धीर करून विचारलं. ते म्हणाले, "बायको नागपूरले राहते. दोन पोरं हायत, तिथीच शिकतात. मी सनावाराले जातो." एवढंच. मला उगाच फसवल्यासारखं वाटलं.

आता मुख्य गोष्ट. आमच्या त्या पट्ट्यात एक चाल पडून गेली होती, आणि ती कोणी उघड बोलत नसे. घरातला पोरगा किंवा पोरगी वयात येताना बिनसली, शाळेत जाईना, जेवीना, भिंतीकडे तोंड करून बसली, की आईबाप अंगारे-धुपारे करून थकायचे आणि मग एक दिवस त्या पोराच्या हातात एखाद्या जनावराचं दावं देऊन त्याला ढोरडॉक्टरकडे न्यायचे. पोराचं डोकं बिघडलं असं सांगणं म्हणजे त्याच्या सोयरिकीवर पाणी सोडणं. म्हणून आजारी जनावर. सुरुवात कशी झाली ते सांगतात, की एका शेतकऱ्याचा न बोलणारा पोरगा बैल धरायला म्हणून आला, आठ दिवस येत राहिला आणि नवव्या दिवशी घरी जाऊन आईजवळ भात मागितला. तेव्हापासून हे सुरू झालं. ज्यांच्याकडे आजारी जनावर नसे ते धडधाकट घेऊन यायचे. डॉक्टर तेही नीट तपासायचे आणि रजिस्टरात लिहायचे, "तपासणी." पोराचं नाव कुठेही लागत नसे. मला हे सगळं माहीत होतं. मी शिकलेला माणूस, मी या प्रकाराला हसायचो.

मग ती वेळ माझ्या कुंदावर आली.

कुंदा माझी एकुलती मुलगी. त्या वर्षी दहावीत होती, माझ्याच वर्गात. गावात हायस्कूल एक आणि गणिताचा मास्तर एक, त्यामुळे इलाज नव्हता. सकाळी घरी ती मला बाबा म्हणायची आणि अकरा वाजल्यापासून सर. माझी एक पद्धत होती. तपासलेल्या उत्तरपत्रिका मी खालून वाचायचो. सर्वांत कमी मार्कांचं नाव पहिलं. त्याने पुढे यायचं, पेपर घ्यायचा आणि सगळ्यांचे वाटून होईपर्यंत फळ्याजवळ उभं राहायचं. मार्क ऐकून मुलं सुधारतात अशी माझी पक्की समजूत होती. सहामाहीला गठ्ठ्याच्या तळाशी कुंदाचा पेपर होता. शंभरपैकी सात. मी घरी दोन दिवस विचार करत होतो. नाव गाळावं, तर लोक म्हणतील मास्तरने पोरीला झाकलं. मी तिचं नाव पहिलं वाचलं. आणि वर म्हणालो, "आमच्या घरात हा दिवा लागला आहे." वर्ग हसला. ती पुढे आली, पेपर घेतला, उभी राहिली. संध्याकाळी हेडमास्तरांनी माझी पाठ थोपटली. म्हणाले, निःपक्षपाती असावं तर असं. खोटं कशाला सांगू, मला त्या दिवशी अभिमान वाटला होता.

त्या रात्री तिने मला जेवायला वाढलं आणि त्यानंतर ती बोलायची थांबली. आधी मी म्हणालो, रुसली आहे, चार दिवसांत येईल ताळ्यावर. पंधरा दिवस झाले. ताटातला भात चिवडून उठायची. शाळेत जायची, बसायची, वही कोरी. मग शाळाही सुटली. दुपारची तलावाच्या पाळीवर जाऊन बसायला लागली, तेव्हा मात्र कुंदाच्या आईचं काळीज ठिकाणावर राहिना. ती काही बोलायची नाही, पण भांडी घासता घासता उठून मागच्या दाराशी जायची, पाळीकडे पाहायची, परत येऊन बसायची. मीही वर्गात फळ्यावर लिहिताना मध्येच थांबायचो. आम्ही दोघं एकमेकांना एक शब्द सांगत नव्हतो आणि दोघांनाही एकच दिसत होतं. कुंदाची पावलं घरात ऐकू आली नाहीत की मी हातातलं टाकून उठायचो.

"तुमी जाऊन राहिले का मी जाऊ?" एका सकाळी कुंदाची आई म्हणाली.

"कुठे?"

"ढोरडॉक्टरकडे. आता लाज पाहाची वेळ नाही."

आमच्याकडे जनावर नव्हतं. शेजारच्या भागाबाईकडे एक काळी बकरी होती, ती मागितली. भागाबाई म्हातारी असली तरी तिला सगळं कळायचं. काही न विचारता तिने दावं सोडून दिलं, फक्त म्हणाली, "दुधाच्या टायमाले परत आनजा." अशा रीतीने हायस्कूलचा गणिताचा मास्तर, पुढे पोरगी, पोरीच्या हातात उसनी बकरी, अशी आमची वरात दवाखान्यात गेली. वाटेत दोन विद्यार्थी भेटले. त्यांनी मला नमस्कार केला आणि बकरीकडे पाहून मान खाली घातली.

डॉक्टरांनी बकरीला पाहिलं, कुंदाला पाहिलं नाही. "बकरीले काय झालं?"

"खात नाही," मी म्हणालो.

"बरं. मालकानं बाहेर बसावं."

मी पडवीत बसलो. आतून आवाज नाही. अर्धा तास झाला, तास झाला. मी उठून दारापर्यंत जायचो आणि परत बसायचो. शेवटी बकरीच तेवढी एकदा ओरडली. बाहेर आले तेव्हा कुंदाच्या मुठीत मिठाचा खडा होता. डॉक्टर म्हणाले, "बकरी उद्या आना. पोरीच्या हाती पाठवा. तुमी नोका येऊ."

आत काय चालायचं ते मला फार पुढे कुंदाकडून कळलं. काहीच चालत नसे. ते तिला बकरीच्या डाव्या कुशीवर हात ठेवायला सांगायचे. तिथे पोट दर मिनिटाला गुरगुरतं, लाट येऊन गेल्यासारखं हाताला लागतं. ती लाट आली की मान हलवायची, एवढंच काम. ते स्वतः शेजारी बसून सुया उकळायचे, नाहीतर पट्ट्या कापायचे. पहिला आठवडा तिने नुसती मान हलवली. नंतर एक दिवस बकरीच्या कानाशी काहीतरी बोलली. डॉक्टरांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

पंधरा दिवसांनी त्यांचा निरोप आला की मास्तरले पाठवा. बाजाराचा दिवस होता, रस्त्यावर माणसं होती. मी गेलो तर कुंदा अंगणात खोड्याजवळ उभी. डॉक्टर म्हणाले, "मास्तर, चपला काढा अन् आत उभे राहा."

"कशाच्या आत?"

"खोड्याच्या."

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण त्या माणसाला थट्टा येत नव्हती. ते म्हणाले, "तुमी तिच्यासमोर आले का ती लहान होते. खोड्यात उभं राहिलेलं ढोर काही करू शकत नाही, हे तिनं पंधरा दिवस पाह्यलं हाय. तुमी उभे राहा. ती बोलली तं बोलली. तुमी बोलायचं नाही, ढोर बोलत नाही."

कुंपणापलीकडून माझ्याच एका विद्यार्थ्याचा बाप डोक्यावर गुरांच्या चाऱ्याचं, कुटाराचं गाठोडं घेऊन चालला होता, तो थांबून पाहू लागला. मी हेही सांगतो की मी तिथून निघून जाणार होतो. पाऊल उचललंही होतं. मग कुंदाकडे लक्ष गेलं. महिनाभरात पहिल्यांदाच ती माझ्याकडे बघत होती. मी चपला काढल्या आणि आत जाऊन उभा राहिलो. डॉक्टरांनी मागची आडवी बल्ली लावली. लाकडाला शेणाचा आणि डेटॉलचा वास होता.

किती वेळ गेला सांगता येत नाही. कुंदा खाली बघत होती. मग बोलली. आवाज बसलेला होता, इतक्या दिवसांत वापरलेला नव्हता.

"सगळे हासले. तवा तुमी बी हासले."

मी तोंड उघडलं. मी हसलो नव्हतो. मला पक्कं आठवत होतं, मी हसलो नव्हतो, मी शिस्तीत पुढचा पेपर उचलला होता. डॉक्टर नुसते म्हणाले, "मास्तर." मी तोंड मिटलं. आणि त्या चौकटीत गप्प उभं राहण्याशिवाय दुसरं काही करायला नव्हतं म्हणून असेल, मला तो दिवस पुन्हा दिसला. दिव्याची कोटी मीच केली होती. वर्ग हसला तेव्हा ती साधली म्हणून मीही हसलो होतो. कोटी साधल्यावर मास्तर हसतो तसा.

मी रडायला लागलो. कुंपणापलीकडचा माणूस गाठोडं सावरत निघून गेला. कुंदा पुढे आली नाही, जवळ आली नाही. ती दावं घेऊन बकरीपाशी गेली. सिनेमात असतं तसं काही झालं नाही. पण त्या दिवशी तिने घरी आईला विचारलं की भाजी कशाची आहे.

यानंतर डॉक्टरांनी मला माझा इलाज सांगितला. महिनाभर तिला एकही प्रश्न विचारायचा नाही. जेवलीस का, नाही. अभ्यास, नाही. गणित तर घराच्या उंबऱ्याच्या आत आणायचंच नाही. रोज संध्याकाळी भागाबाईची बकरी चारायला दोघांनी पाळीवर जायचं आणि एका बाजूला तोंड करून बसायचं. "अन् ही पाळत ठेवनं बंद करा. तिले समजते. पाळत नोको, सोबत पाहिजे." आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती मला सर्वांत जड गेली. "मी ढोराचा मानूस हाव. नागपूरले मोठ्या दवाखान्यात डोक्याचे डॉक्टर बसतात. तिथी घेऊन जा. लाजू नोका." नातेवाइकांना लग्नाला चाललो असं सांगून आम्ही नागपूरला गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, दर महिन्याला यायला सांगितलं, आणि मलाच अर्धा तास समोर बसवून घेतलं. त्यांनीही काही प्रश्न विचारले, पण ते मला.

प्रश्न न विचारता पोरीशी कसं बोलायचं, हे मला येतच नव्हतं. तोंड उघडलं की प्रश्नच बाहेर यायचा, वीस वर्षांची सवय. पहिले कितीतरी दिवस मी पाळीवर मुकाट बसलो. मग हळूहळू तलावातले बगळे, भागाबाईचा खोकला, शाळेचं गळकं छप्पर असं काहीबाही बोलायला लागलो. ती ऐकायची. कधी एखादा शब्द बोलायची. एकदा तिने पुस्तक उघडलेलं दिसलं आणि माझ्या जिभेने घात केला. "कुठपर्यंत आलं?" म्हणालो. पुढचे तीन दिवस ती पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसली आणि कुंदाच्या आईने माझ्याशी बोलणं टाकलं. मी धावत दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, "होते असं. पुन्हा बसा." रागावले असते तर बरं वाटलं असतं.

पालकांशी ते फार कडक वागायचे, हेही सांगायला हवं. एका आईने त्यांच्या देखत पोराच्या पाठीत धपाटा घातला, तर त्यांनी तिला अंगणात उन्हात उभं केलं आणि पोराला सावलीत बसवलं. एक सावकार आपल्या पोराला घेऊन आला आणि बोलतच सुटला, तर हे उठून आत गेले, दार लावलं आणि तो जाईपर्यंत बाहेरच आले नाहीत. गावात त्यांच्याबद्दल चांगलं बोलणारे कमीच होते. पण ज्या घरात पोर बिनसलं होतं त्या घरातलं माणूस त्यांच्याबद्दल काही बोलतच नसे.

कुंदाने मार्चमध्ये परीक्षा दिली. मी म्हणालो होतो, यंदा नको. ती म्हणाली, "देतो मी." तेवढ्यावर आम्ही खूश झालो. गणिताचा पेपर कसा गेला हे मी विचारलं नाही. देवाशपथ विचारलं नाही. पण आत कुठेतरी मास्तर जागा होताच, तो रोज हिशोब करायचा की पस्तीस येतील का.

जूनमध्ये निकाल लागला. तेव्हा निकाल पेपरात यायचा, नुसते नंबर. पेपर तुमसरच्या बसने दुपारी यायचा. बसस्टँडवरच्या चहाच्या हॉटेलात मी तो उभ्याउभ्या पाहिला. तीन वेळा पाहिला. खालून वर, वरून खाली. नंबर नव्हता. हॉटेलवाला म्हणाला, "सर, तुमची पोट्टी सकाळपासून दोनदा येऊन गेली. आता बस आल्यावर बी आलती. तिनं पाह्यला पेपर. मंग गेली."

"कुठे गेली?"

"घरीच गेली असंल."

घरी नव्हती. कुंदाची आई मागच्या दारात उभी होती, ओले हात तसेच. माझ्या तोंडाकडे पाहून तिला निकाल कळला आणि तिच्याकडे पाहून मला बाकीचं कळलं. मी पाळीकडे निघालो, पण पाय दवाखान्याकडे वळले. मला काय बोलायचं ते माहीत नव्हतं. चुकीचा एक शब्द बोललो तर काय, याचीच भीती होती.

डॉक्टर खोड्याजवळ एका बैलाच्या खांद्याला औषध लावत होते. मी सांगितलं, "नापास झाली. घरी नाही. मी काय बोलू तिच्याशी? सांगा लवकर."

त्यांचा हात थांबला. मला वाटलं होतं ते नेहमीसारखं एखादं वाक्य टाकतील आणि मी ते घेऊन पळत सुटेन. ते म्हणाले, "मले माहीत नाही, मास्तर."

"माहीत नाही म्हणजे?"

"मागच्या साली एक पोट्टा येत होता म्हैस घेऊन. महिनाभर आला. हासाले लागला होता. मीच त्याच्या बापाले सांगतलं, आता नोको आनू, बरा झाला. आठ दिवसांनी पोट्टा घरून गेला. अजून पत्ता नाही. काहून गेला, कोन काय म्हनलं, मले समजलं नाही." ते हात कोटाला पुसत होते, पुन्हा पुन्हा पुसत होते. "मले काहीच समजत नाही. मी बाजूले उभा राहतो, तेवढंच. चला."

बैल खोड्यात तसाच राहिला. मालक ओरडत होता, "डॉक्टर, अवो डॉक्टर, याले सोडा तं." ते मागे वळले नाहीत. आम्ही दोघं भर उन्हात धानाच्या बांधीबांधीतून चालत निघालो. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांचे ओठ कोरडे पडले होते. ज्या माणसाच्या भरवशावर मी आठ महिने काढले तो माझ्याइतकाच घाबरलेला होता. त्या क्षणी मला त्यांचा भयंकर राग आला. आणि तरी ते सोबत आहेत म्हणूनच माझे पाय उचलत होते.

जूनचा तलाव. कडेची माती भेगाळलेली, मधे तेवढं पाणी. पाळीवर मोहाच्या झाडाखाली कुंदा बसलेली दिसली. ती दिसली, बसलेली दिसली, तसा मी वाटेतल्या एका झाडाचं खोड धरून उभा राहिलो. डॉक्टर पाळीच्या खालीच थांबले. म्हणाले, "जा तुमी. मी हाव इथी."

मी जाऊन तिच्या शेजारी बसलो. ती पाण्याकडे बघत होती, मीही बघू लागलो. पुन्हा बस, ऑक्टोबरमध्ये निघेल, काही बिघडलं नाही, ही सगळी वाक्यं मी वीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना सांगत आलो होतो आणि त्यातल्या एकावरही माझा विश्वास नव्हता. शेवटी जे होतं तेच बोललो.

"कुंदे, मले भेव वाटून राहिलं."

तिने मान वळवली. माझ्याकडे पाहिलं.

"मले बी," ती म्हणाली.

मग ती रडायला लागली. सहामाहीपासून ती एकदाही रडली नव्हती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. माझ्या खांद्याला डोकं लावून ती खूप वेळ रडली आणि मी काही विचारलं नाही, काही सांगितलं नाही. मध्येच म्हणाली, "आता लोक तुमाले हासतीन." मी म्हणालो, "हासू दे." मला खरोखरच लोकांचं काही वाटत नव्हतं. ती माझ्या खांद्याशी होती, तिचं नाक गळत होतं, माझा सदरा ओला झाला होता, आणि मला आणखी काही नको होतं.

ऊन कलल्यावर आम्ही उठलो. पाळीखाली डॉक्टर होते तिथेच होते. आमच्याकडे पाठ करून, हात मागे बांधून, दूरच्या बांध्यांकडे बघत उभे. इतक्या वेळात त्यांनी एकदाही वळून पाहिलं नसावं, कारण आमची पावलं ऐकून ते दचकले. वळले तेव्हा त्यांचा चेहरा मला ओळखू आला नाही. आधी ते माझ्या चेहऱ्याकडे पाहू लागले, मग माझ्यामागे कुंदा आहे की नाही ते पाहू लागले.

कुंदा माझ्या पुढे झाली आणि त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"डॉक्टर," ती म्हणाली, "जा तुमी आता. मी हाव इथी."